मुठीपुरतं चामडं

सराव सुरू होण्याआधी मी मुलांच्या धनुष्यांच्या मुठी तपासते. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या आमच्या मैदानावर या मुठींवर काय काय गुंडाळलेलं सापडतं: सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, क्रिकेटच्या बॅटीवरचं रबर, वायरमनची काळी टेप, आईच्या लुगड्याचा काठ. मुलं हे हौसेनं करत नाहीत. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे तळहात घामानं निथळतो आणि लाकडाची गुळगुळीत मूठ हातातून सरकते. सरकली की मूल ती आवळतं. नेम बिघडतो तो इथून.

आमची मुलं बांबूच्या धनुष्यावर शिकतात. स्पर्धांमध्ये त्यासाठी ‘इंडियन राउंड’ हा वेगळा गट आहे. ऑलिंपिकमधलं रिकर्व्ह किंवा चाकं लावलेलं कंपाउंड धनुष्य सगळ्या साहित्यासकट लाखाच्या पुढे जातं. बांबूचं काही हजारांत येतं. संत्र्याच्या तोडणीला मजुरीवर जाणाऱ्या घरातलं मूलही त्यावर हात बसवू शकतं, म्हणून मला या धनुष्याबद्दल फार आपुलकी आहे.

2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी एकाच दिवशी कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले. ओजसनं अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण मिळवले. त्या पातळीवरच्या सामन्यांचं चित्रीकरण मी मुलांना दाखवते, तेव्हा गुणफलकाकडे नका पाहू, धनुष्य धरणाऱ्या हाताकडे पाहा, असं सांगते. बाण सुटताना त्या हाताची बोटं सैल असतात. धनुष्य पुढे पडू नये म्हणून बोटांना किंवा मनगटाला एक छोटी दोरी बांधलेली असते. म्हणजे पकडण्याचं काम हाताकडून काढूनच घेतलेलं असतं. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्यानं धनुष्याला सरळ पुढे रेटायचं, एवढंच त्या हाताचं काम. बोटांनी मूठ आवळली की मनगट वळतं, मनगटाबरोबर धनुष्य पिळतं, आणि बाण दोरीवरून सुटता सुटता वाट बदलतो.

हे सगळं मला ठाऊक होतं, पण मुठीवरच्या चामड्याचा नीट विचार मी केला तो नववीतल्या एका मुलीमुळे. तिचे बाण फार सुंदर गोळा व्हायचे. 30 मीटरवर सगळे एका ताटलीएवढ्या जागेत, पण मध्यापासून डावीकडे. बाण चहूकडे विखुरले तर दोष खेळाडूच्या हातात शोधावा. एकाच चुकीच्या जागी गोळा झाले तर आधी साहित्य पाहावं. मी तिच्या मुठीवरचे थर सोडवायला घेतले. वर टेप, टेपखाली रबर, रबराखाली सुताची दोरी. बाण डाव्या अंगानं जातो, तिथे सगळ्यांत जास्त जाडी साचली होती.

उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो. बांबूच्या धनुष्याला आधुनिक धनुष्यासारखी मधोमध खाच कापलेली नसते. त्यामुळे बाणाला मुठीला वळसा घालून जावं लागतं. सुटल्यावर तो लवतो, उलटा लवतो, मग हळूहळू सरळ होतो. मुठीची त्या बाजूची जाडी वाढली की बाणाचं टोक तेवढं आणखी डावीकडे सरकतं. साधी भूमिती मांडली तर सत्तर सेंटिमीटरच्या बाणाचं टोक एक मिलिमीटर सरकलं की 30 मीटरवर तो फरक चार सेंटिमीटरच्या वर जातो. 80 सेंटिमीटरच्या लक्ष्यपटावर एकेका वर्तुळाची रुंदी चार सेंटिमीटरच असते. म्हणजे मुठीवरच्या एका मिलिमीटरला एक अख्खा गुण.

सगळं सोडवून तिला नुसत्या लाकडावर हात ठेवून बाण मारायला लावले. बाण मध्याकडे आले. पण ऊन चढलं, हात ओला झाला, आणि तिची बोटं पुन्हा आवळायला लागली. तिला हवं होतं असं काहीतरी, जे घाम शोषेल, हाताला रोज एकाच जागी बसवेल आणि जाडी मात्र जवळजवळ वाढवणार नाही.

मुठीला चामडं लागतंच, असं नाही. सातपुड्यातलं बांबूचं धनुष्य पुष्कळदा उघड्या मुठीचंच असतं. त्याची प्रत्यंचाही अनेकदा बांबूच्याच कामटीची. 1545 मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे इंग्रजी लढाऊ जहाज 1982 मध्ये वर काढलं गेलं. त्या जहाजातून शंभरावर लाकडी धनुष्यं मिळाली, मनगटावर बांधायचे चामडी पट्टेही मिळाले. जगभरच्या धनुर्धरांनी हाताला आणि मनगटाला चामडं वापरलं ते गरजेपुरतं. माझ्या विद्यार्थिनीची गरज घामाची आणि नेमक्या जागेची होती. तेवढ्यासाठीच मी चामडं शोधायला निघाले.

माझं माहेर पांढुर्ण्याचं. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि खरेदीला नागपूर, असं इथलं जगणं. नागपूरला तयार मुठी मिळतात हे माहीत होतं, पण त्या मोठ्या पुरुषी हाताच्या मापाच्या. म्हणून मी पांढुर्ण्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले. माझे वडील बैलांच्या घुंगरांचे पट्टे त्यांच्याकडूनच शिवून घ्यायचे.

पोळा जवळ आला होता. दुकानात घुंगरांचे पट्टे, वाद्या, चाबूक लटकलेले. भिंतीवर संत रविदासांची आणि बाबासाहेबांची तसबीर. जमिनीवर रापी, आरी, लाकडी ठोकळा, मेणाचा गोळा.

“काका, धनुष्याच्या मुठीले चामडं बसवायचं आहे.”

त्यांनी विचारलं, “कोनाच्या हातासाठी?”

किती मोठी मूठ, कोणता रंग, किती पैसे, यातलं काही त्यांनी आधी विचारलं नाही. त्याच क्षणी मला वाटलं, आपण योग्य माणसाकडे आलो.

मी मुलीबद्दल सांगितलं. त्यांनी पेटीतून तुकडे काढून माझ्यासमोर मांडले. पहिला लालबुंद, लोण्यासारखा मऊ. सोफ्याच्या कव्हरांतून उरलेला. मी बोट फिरवलं. “नरम चामडं हाताले आवडते मॅडम, कामाले नाही आवडत,” ते म्हणाले आणि त्याची कापलेली कड मला दाखवली. वर रंग लाल, पण आतला गाभा निळसर राखाडी. हे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं कातडं. लवकर तयार होतं, स्वस्त पडतं, पावसातही तग धरतं. पण ओलं करून एखाद्या आकारावर बसवलं तर वाळल्यावर तो आकार धरून ठेवत नाही. शिवाय दाबलं की दबतं. आज हात इथे रुतेल, उद्या तिथे.

दुसरा तुकडा मेंढीचा. दिसायला छान, पण त्यांनी कडेला नख घालून जरा ओढलं तर वरचा पापुद्रा खालच्यापासून सुटायला लागला. तिसरा म्हशीचा, जाड आणि राठ. “हे चपलेच्या तळाले. मुठीले लावलं त पोरीची बोटं पुरनार नाहीत.” चौथा शेळीचा, फिकट बदामी, बारीक दाण्याचा, झाडपाल्यात कमावलेला. त्यावर त्यांनी पाण्याचा थेंब टाकला. थेंब हळूहळू आत गेला आणि तेवढा भाग काळपट झाला. लाल तुकड्यावर टाकलेला थेंब तसाच गोल बसून होता. पाणी पिणारं कातडंच घाम पिणार, आणि ओलं असताना जो आकार द्याल तो वाळल्यावर धरणार.

झाडपाल्यात म्हणजे बाभळीची साल, हिरडा, तरवड यांसारख्या वनस्पतींतल्या तुरट द्रव्यात. हिरडा तोंडात धरला की जीभ आवळल्यासारखी होते, तेच द्रव्य कातड्याच्या तंतूंना आवळतं आणि सडू देत नाही. सातपुड्याच्या जंगलात हिरडा आणि शेताच्या बांधावर बाभूळ, म्हणजे कमावण्याचं सामान इथे हाताशीच असायचं. आता कमावलेलं कातडं बाहेरून येतं, असं काका म्हणाले. त्यांच्या आज्यानं मोटा शिवल्या होत्या. विहिरींवर पंप नव्हते तोवर चामड्याच्या मोटेनंच पाणी उपसायचे. मोटेचा टाका सैल पडला तर पाणी वाटेतच गळून जाई. दोन सुया एकाच भोकातून उलट्या दिशांनी काढून घालायचा तो टाका काकांच्या हातात तिथून आला आहे. कातड्याला हात लावणाऱ्यांना गावांनी वेशीबाहेर ठेवलं आणि त्यांच्या मोटांवर बागा पिकवल्या. हे मी मुलांना सांगते, कारण ज्या वस्तूवर आपण हात टेकतो ती कुणाच्या ज्ञानातून आली, हे त्यांना कळायला हवं.

काकांनी शेळीचा तुकडा दोन्ही हातांत धरून आडवा ताणला, मग उभा. एका दिशेनं तो जास्त ताणला गेला. पाठीच्या कण्याजवळचं कातडं घट्ट असतं, पोटाकडचं ढिलं. “पोटाचं ताणते अन् मंग परत येत नाही. कन्याकडलं घ्या.” कमी ताणणारी दिशा मुठीच्या घेराभोवती यायला हवी, कारण ओढ तिथेच पडते. पण कापायला ते तयार झाले नाहीत. “हात पाह्यल्याशिवाय मी रापी लावत नाही. पोरीले घेऊन या.”

मुलगी धनुष्य घेऊन माझ्याबरोबर आली. काकांनी आधी तिचा डावा तळहात पाहिला. मी खडूची पूड तिच्या तळहाताला चोळली आणि नेहमीसारखी दोरी ओढून पुन्हा सावकाश मागे आणायला सांगितलं. लाकडावर पांढरा ठसा उमटला. जिथे दाब खरा पडतो तिथे ठसा दाट, बोटांखाली पुसट. काकांनी त्या दाट ठशाभोवती पेन्सिलीनं रेघ काढली. “इथं शिवन नको, सांधा नको, सुरकुती नको.”

मग सांधा कुठे, हा प्रश्न. तळहाताकडे नको, कारण उंचवटा टोचला तर हात नकळत जागा बदलतो. बाणाच्या बाजूला तर नकोच. उरली लक्ष्याकडची पुढची बाजू. तिथेही मधोमध नाही, तर तिच्या बोटांची टोकं जिथवर पोहोचतात त्याच्या पलीकडे थोडी मोकळी पट्टी होती, तिथे. एका कडेवर दुसरी कड चढवायची नाही, हे आम्ही आधीच ठरवलं. एक मिलिमीटर जाडीचं चामडं मुठीचा घेर सहा मिलिमीटरच्या वर वाढवतं; कडा एकमेकींवर चढल्या तर तिथे उंचवटा येणार तो वेगळाच. दोन्ही कडा समोरासमोर भिडवायच्या.

वर्तमानपत्राचा कागद मुठीभोवती गुंडाळून माप घेतलं. मूठ मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद, त्यामुळे सपाट केल्यावर कागदाच्या कडा वळणदार निघाल्या. हा कागद चामड्यावर ठेवून कापताना काकांनी घेरात तीन मिलिमीटर कमी ठेवले. ओलं चामडं ताणून सांधा मिटतो, आणि वाळताना ते मुठीला आवळून बसतं. पूर्ण मापाचं कापलं तर पुढे ढिलं पडून मुठीवर फिरायला लागतं.

त्यानंतर रापीचं काम. ठोकळ्यावर चामडं उलटं ठेवून, रापी जवळजवळ आडवी धरून, त्यांनी मांसाकडच्या बाजूनं कडा सोलल्या. बाणाच्या बाजूचा पट्टा तर निम्म्याहून पातळ केला. सोललेल्या पापुद्र्यातून उजेड दिसत होता. मुलगी श्वास धरून पाहत होती. तिनं विचारलं, “आजोबा, फाटत नाही का?” ते म्हणाले, “रापीले घाई नसली त नाही फाटत.” मग कडेपासून चार मिलिमीटर आत आणि एकमेकांपासून पाच मिलिमीटरवर त्यांनी आरीनं भोकं पाडली. दोन्ही कडांवर भोकांची संख्या सारखीच हवी, नाहीतर शेवटी एक टोक पुढे सरकतं आणि सगळं चामडं तिरपं होतं.

चामडं कोमट पाण्यात बुडवलं. बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली, फडक्यात दाबून पाणी टिपलं, मुठीवर चढवलं आणि सुताच्या दोरीनं सैलसर बांधलं. लाकडाच्या दांड्यानं घासत घासत मुठीचा प्रत्येक खोलगटपणा त्यात उतरवला. बांधलेलं धनुष्य रात्रभर सावलीत ठेवलं. उन्हात नाही, कारण उन्हात वरचा थर आधी वाळतो आणि कडा वर उचलतात. आजकाल सगळीकडे वापरतात ते रबराचं सोल्युशन ओल्या चामड्यावर धरत नाही. म्हणून आकार आधी, चिकटवणं दुसऱ्या दिवशी. वाळलेलं चामडं साच्यासारखं निघालं. लाकूड खरखरीत कागदानं घासून जुना चिकटा काढला, दोन्हीकडे पातळ सोल्युशन लावलं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू दिलं, मग एका बाजूपासून सुरुवात करून बसवलं. मेण लावलेल्या दोऱ्यानं, दोन सुयांनी, खालून वर टाके घातले. शेवटी बाण घासतो तिथे, मुठीच्या वर, पापुद्र्याएवढा एक वेगळा तुकडा डकवला, म्हणजे बाण लाकडावर कर्र करणार नाही.

मूठ तयार झाली ती पोळ्याच्या तोंडावर, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि त्यावरच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी माणसं जखमी होतात. जीवही गेले आहेत. मी या गावात वाढले. इथल्या पोरांच्या हातात ताकद आहे आणि डोळ्यांत नेम आहे, हे मी लहानपणापासून पाहिलं. त्या ताकदीला आणि नेमाला रक्त न सांडता मान मिळेल अशी जागा हवी, म्हणून मी धनुष्याकडे वळले. गोटमारीवरून वाद पुष्कळ झाले. माझं म्हणणं मी मैदानावर मांडते.

नवी मूठ घेऊन मुलगी पुन्हा 30 मीटरवर उभी राहिली. पहिल्या बाणांना ती बिचकली, कारण हाताखालची जाडी एकदम कमी झाली होती. मी तिला मूठ विसरून उंचवट्यानं रेटायला सांगितलं. चामडं हाताला त्याची जागा दाखवत होतं. खोलगट भाग जिथे होता तिथे उंचवटा आपोआप बसत होता, आणि बोटांना आवळायचं कारणच उरलं नव्हतं. बाण मध्याभोवती यायला लागले. दुपार चढली, घाम आला, चामड्यावर काळपट डाग पडला, पण हात सरकला नाही. आणखी काही आठवड्यांनी चामडं तिच्या हाताखाली गडद आणि तुकतुकीत झालं. आता मूठ पाहून ती कुणाची ते मी सांगू शकते.

अशा मुठीची निगाही सोपी आहे. सराव झाला की कोरड्या फडक्यानं पुसायची. धनुष्याची दोरी उतरवायची. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं नाही, कारण झाडपाल्यात कमावलेल्या कातड्याला कोंदट हवेत बुरशी लागते. कापडी पिशवीत, हवेशीर खोलीत टांगायचं. तेल अगदी क्वचित आणि बोटाच्या टोकाएवढं. जास्त तेलानं चामडं लिबलिबीत होतं आणि आपण इतक्या कष्टानं निवडलेला घट्टपणा जातो.

आता मुठीचं माप मुलं स्वतः काढतात. खडूचा ठसा, कागद, पेन्सिल, सांध्याची जागा. सगळं त्यांना येतं. रापी मात्र मी काकांच्याच हातात ठेवली आहे, आणि एकदोन मोठी मुलं त्यांच्याजवळ बसून ती धरायला शिकत आहेत. पट्टे नायलॉनचे झाले, मोटा गेल्या, चपला कारखान्यातून यायला लागल्या. त्यांच्या हातातलं ज्ञान जुनं झालेलं नाही, त्याला फक्त गिऱ्हाईक उरलेलं नाही. एका मुलीच्या चार सेंटिमीटरच्या अडचणीवर ते कामी आलं, तसं आणखी कितीतरी मैदानांवर येऊ शकतं.

म्हणून मला आमच्या शाळांना आणि क्रीडा विभागाला एकच गोष्ट सुचवायची आहे. बांबूची धनुष्यं खरेदी करताना यादीत बाण, लक्ष्यपट, मनगटपट्टे लिहिता, त्याच यादीत मुठीचं चामडं आणि ते बसवणाऱ्या कारागिराची मजुरीही लिहा. धनुष्य सगळ्यांना एकाच मापाचं येईल, पण मूठ प्रत्येक मुलाच्या हाताची हवी. ती बसवणारी माणसं लांब शोधावी लागत नाहीत. पांढुर्णा-सौंसरच्या बाजारांत ती आजही रापी घेऊन बसलेली आहेत. त्यांना मैदानावर बोलवा, खुर्ची द्या, आणि मुलांना त्यांच्यासमोर हात उघडून बसवा.